मदत हवी आहे: शाळेचं बातमीपत्र काढायचंय, मुलांकडून बातम्या लिहून कशा घ्याव्यात?

नमस्कार मंडळी,

आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सांगली जिल्हा, खानापूर तालुका, विट्यापासून आत. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात. निम्म्या बायकांचं काम आजवर सही करणं आणि चहा घेणं एवढंच होतं. ते जरा बदलायचं चाललंय.)

आमच्या भागाची तऱ्हा तुम्हाला माहीत असेल. घरटी एखादा तरी गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी आटवायला कोण कोइमतूरला, कोण केरळात, कोण कोलकात्याला. काही घरांत लेकरं आजी-आजोबांजवळच असतात. बाप येणार तो जत्रेला नाहीतर लग्नसराईत. तोवर शाळेचं जे काही कळतं ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आणि तिथं काय येतं? पाहुणे नारळ फोडताना, पाहुणे शाल घेताना, पाहुणे बोलताना. मागं उन्हात डोळे बारीक करून बसलेली पोरं. खाली 'मोठ्या उत्साहात संपन्न'. आपलं पोरगं शोधायला बापानं फोटो ताणून ताणून मोठा करायचा. आजीकडं बटणांचा फोन, तिला तेवढंही नाही.

म्हणून महिन्याला एक कागदी बातमीपत्र काढायचं ठरवलंय. घरोघरी एक प्रत. शिवाय गिरणीत, दूध डेअरीवर, एसटीच्या शेडमध्ये एकेक चिकटवायची आणि त्याचाच फोटो गलाईवाल्यांना पाठवायचा. मुख्याध्यापक बाई तयार आहेत. "लिहायचं काम माझ्यावर टाकू नका, ऑनलाइन माहिती भरण्यातच माझा दिवस जातो," एवढीच त्यांची अट. रास्त आहे.

गाडी अडलीय ती लिहिण्यापाशी. चौथीच्या मुलांना बातमी लिहायला सांगितली की सगळ्यांची एकाच साच्यातली येते: "आमच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन उत्साहात साजरा करण्यात आला. अध्यक्षस्थानी..." नऊ वर्षांच्या पोराला अध्यक्षस्थान! परिपाठात रोज पेपरातल्या तसल्याच बातम्या वाचतात, त्यांचा तरी काय दोष? अशात तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत मागच्या पानावर हे सापडलं:

"परसबागेत शेळी आली. तिनं सगळा पालक खाल्ला. मावशींनी बादली वाजवून हाकलली. मग खिचडीत पालक नव्हता. शेळी सरपंचांची आहे."

मला असलं हवंय. पण शेवटच्या वाक्यामुळं छापायची धास्तीही वाटते.

तर असं लिहून घ्यायचं कसं? पहिली-दुसरीच्या पोरांना अजून नीट लिहिता येत नाही, त्यांना कसं सामील करून घ्यावं? भाषा किती सुधारावी? मुलांचे फोटो छापावेत का? आणि स्वस्तात छापून कसं घ्यावं? कोइमतूरचे एक पालक वर्षाचा खर्च उचलतो म्हणतात, पण पहिल्या पानावर 'शुभेच्छुक' म्हणून त्यांना स्वतःचा फोटो हवाय. त्यांना दुखवायचंही नाही.

– गलाईगाव

खडूफळा:
ताई, मी साताऱ्याकडं शिक्षक आहे. 'बातमी लिहा' असं म्हणूच नका. म्हटलं की पोरं पेपरात शिरतात. "काल तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? कोण रडलं? काय सांडलं? वास कसला येत होता?" असं विचारा. आमच्याकडं व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज एका मुलाची एकच गोष्ट लिहितात. स्वतः पाहिलेलं किंवा केलेलंच लिहायचं, ऐकीव चालत नाही. पहिली-दुसरीची पोरं सांगतात आणि चौथीची लिहून घेतात. लिहून घेणाऱ्यानं ते वाचून दाखवायचं आणि सांगणाऱ्यानं "मी असं नव्हतो म्हणालो" म्हणून भांडायचं. त्या भांडणातच निम्मं शिकणं होतं. महिनाअखेरीला फळ्यावरच्यातलं निवडलं की अंक तयार.

दिनविशेषांचंही सांगतो. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन असतो, कारण १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचा साताऱ्यातल्या शाळेत प्रवेश झाला. आताचं प्रतापसिंह हायस्कूल. तिथल्या रजिस्टरात १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. तेवढी माहिती वाचून दाखवली की पोरं जांभया देतात. त्यापेक्षा त्या आठवड्यात प्रत्येकानं घरी विचारून यावं: आजोबा कोणत्या साली शाळेत आले, गुरुजी कोण होते, शाळा तेव्हा देवळात भरायची का? मग बाईंनी आपल्या जनरल रजिस्टरात नाव आणि साल तेवढं पडताळून सांगावं. रजिस्टर मात्र मुलांच्या हाती द्यायचं नाही, त्यात जात, जन्मतारीख सगळं असतं. तुमचे गलाईवाले तो अंक जपून ठेवतील बघा.

शाई_आणि_कागद:
माझा डीटीपीचा धंदा होता म्हणून सांगतो. मोबाइलवर टाइप करून प्रेसला देऊ नका. आपण टाइप करतो युनिकोडमध्ये, आणि गावाकडच्या बऱ्याच प्रेस अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर चालतात, त्यातली अक्षरांची मांडणी वेगळी. बदलताना जोडाक्षरांची पार वाट लागते आणि प्रूफ कोणी बघत नाही. त्यापेक्षा मुलांच्या हस्ताक्षरातच काढा. काळं पेन वापरा. पेन्सिल आणि निळी शाई झेरॉक्सला फिकी येते. चारी बाजूंना बोटभर समास सोडा, नाहीतर कडेचं अक्षर कापलं जातं. ए-३ कागद मधोमध दुमडला की ए-४ ची चार पानं होतात. एका अंगाला डावीकडं पान ४ आणि उजवीकडं १, दुसऱ्या अंगाला २ आणि ३. पहिल्यांदा सगळ्यांचं इथंच चुकतं, तेव्हा आधी कोरा कागद दुमडून नंबर घालून बघा.

मिरजकर_अनघा:
फोटो नकोतच. झेरॉक्सवर पोरांची तोंडं काळी येतात हा एक भाग. दुसरं म्हणजे हाच कागद पुढं व्हॉट्सॲपवर फिरणार. चेहरा, पूर्ण नाव, इयत्ता, गाव सगळं एकत्र कशाला द्यायचं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीय. पहिलं नाव आणि इयत्ता पुरे. फोटोच्या जागी चित्रं काढून घ्या. शेळीचं तर हवंच.

भाषेबद्दल म्हणाल तर शुद्धलेखन सुधारा, नाहीतर उद्या "शाळेत हेच शिकवतात काय" म्हणून लोक बाईंनाच धरतील.

खडूफळा:
अनघाताई, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला माझी ना नाही. पण 'आल्ती', 'गेल्ती' राहू द्या. आजीला वाचून दाखवायचंय ना? 'आली होती' केलं की ते पोर परीक्षेला बसल्यासारखं वाचतं.

गलाईगाव:
सगळ्यांचे आभार. फळ्याचं उद्यापासूनच चालू करते, खडूशिवाय खर्च नाही. ऱ्हस्व-दीर्घ बाई बघतील, 'आल्ती'ला हात लावायचा नाही. फोटो बंद. दुमडायचं घरी करून बघितलं, बरोबर आलं.

देणगीचं समितीच्या सभेत बोलले. पैसे समितीच्या बँक खात्यात घ्यायचे, पावती द्यायची आणि शेवटच्या पानावर तळाला देणाऱ्याचं नाव, बिनफोटोचं. कोइमतूरला फोन केला, ते जरा हिरमुसले. मग तुमच्या मुलानं लिहिलेलं पहिल्या पानावर घेतलं तर चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाले. पण मुलगा पहिलीत आहे, म्हणजे चौथीतलं कुणीतरी धरून बसवायला लागणार. अन् त्यालाही पहिलं पान एकदाच, दर महिन्याला नाही, हे सांगायचं अजून बाकी आहे.

शेळीचं सरपंचांना स्वतःच जाऊन वाचून दाखवलं. हसले, म्हणाले, छापा, पण पालकाचं बी मी दिलं होतं तेही लिहा. बाईंनी खरं-खोटं केलं, दिलं होतं. तेव्हा तेही येईल, त्या मुलीच्याच शब्दांत.

आता एकच राहिलंय. विट्यात ए-३ पाठपोट झेरॉक्स करून देणारं दुकान कुणाला माहीत आहे का? आम्ही विचारलं तिथं ए-४ च्या वर मशीन नाही. माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी बाजाराला जाणारच आहे.