मदत हवी आहे: डीपीएफ चोक, वॉरंटीत नकार

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची, बीएस-६ डिझेल, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू. रोजचा रस्ता कोथरूड ते शिवाजीनगर, म्हणजे सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा पुन्हा लागलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "शहरात चालवल्यामुळे फिल्टर चोक झाला, वॉरंटीत बसत नाही."

फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि शहरातल्या संथ वेगात तो तेवढा तापत नाही, हे मान्य. पण एक्सप्रेसवेवर दामटून आणली तरी दिवा काही दिवसांत परत हजर! मग इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), प्रेशर सेन्सर आधी तपासायला नकोत का? थेट नवा फिल्टर, तोही आपल्या खिशातून. (गाडी विकताना मात्र शहरात चालवण्याबद्दल अवाक्षर नाही. २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणानंतर, म्हणजे धुराच्या चाचणीत केलेली फसवणूक उघड झाल्यावर, डिझेलवाल्या कंपन्यांवर माझा भरवसा तसाही बेताचाच.)

कोणाला फिल्टर वॉरंटीत बदलून मिळालाय का? नकार लेखी मागितला की सूर बदलतो का? स्कॅन रिपोर्टमध्ये नेमकं काय बघू? १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार करून कोणाचं काम झालंय?

डीपीएफ काढून रिमॅप करा (इंजिनचं सॉफ्टवेअर बदला), हा सल्ला कृपया नको. तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो, आणि उरलीसुरली वॉरंटीही जाईल.