ठिबक काही नुसत्या स्वस्ताईने पसरलं नाही

वस्तू स्वस्त झाली की तंत्रज्ञान आपोआप पसरतं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीचं ठिबक सिंचन बघा, म्हणजे नळ्यांतून थेंबथेंब पाणी देणं. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात ते बाजारात आलं. जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ते आणलं. नळ्या महागच होत्या. अनुदान होतं, पण आधी खिशातून घाला, मग वाट बघा.

खरा धक्का दोन गोष्टींनी दिला. विहिरींचं पाणी खोल गेलं, आणि पुढे केळीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली. पूर्वी दीड वर्ष थांबायला लावणारी केळी वर्षाच्या आसपास कापणीला यायला लागली. मग या महागड्या रोपांना पाटाने मोकाट पाणी कोण देणार? शिवाय बांधापलीकडच्या भाऊचा घड डोळ्यांनी दिसला, की पत्रकाची गरज उरत नाही.

आणि दुरुस्ती! आमच्याकडे क्षाराने ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बुजतात, उंदीर नळ्या कुरतडतात. जोडणीचं सामान तालुक्याच्या दुकानात मिळायला लागलं, तेव्हा कुठे आमचे आबा तयार झाले. तोवर ते त्याला ‘सलाईन’ म्हणून हसायचे.