प्राग झाल्यावर पुढे कुठे? बोहेमिया, मोराव्हिया की सिलेशिया?

निवांत_प्रवासी
सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन झेकियाला (चेक प्रजासत्ताकात) जातोय. प्राग पाहून झाल्यावर चारेक दिवस उरतात. देश तीन जुन्या प्रांतांचा बनलाय म्हणतात. तिन्ही थोडे थोडे बघता येतील का? बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात.

द्राक्षवेल
चार दिवसांत तिन्ही? नुसती धावपळ होईल. प्राग म्हणजे बोहेमियाच. फार तर एक दिवस कुत्ना होराला जा, चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं गाव. बाकी दिवस मोराव्हियाला द्या आणि तिथल्या ब्रनो शहरात मुक्काम ठोका, प्रागहून रेल्वेने अडीच-तीन तास. मेंडेलने वाटाण्यांवर प्रयोग केले तो मठ तिथलाच. बाबांसाठी जवळच स्लावकोव्ह: 1805 ची नेपोलियनची ऑस्टरलिट्झची लढाई त्याच परिसरात झाली. शिवाय सप्टेंबर म्हणजे द्राक्षांचा हंगाम. देशातले बहुतेक द्राक्षमळे मोराव्हियातच. मिकुलोव्हला बुर्चाक, म्हणजे अर्धवट आंबलेला द्राक्षरस, चाखाच. गोड लागतो, पण चढतो बरं का!

निवांत_प्रवासी
भारीच. पण नकाशात 'मोराव्हिया' असा एक सलग भाग दिसतच नाही.

जुनी_सरहद्द
दिसणार नाही. जुने प्रांत कारभारातून 1949 मध्येच गेले. आता प्राग धरून 14 विभाग आहेत आणि त्यांच्या सीमा जुन्या सीमांशी जुळत नाहीत. व्हिसोचिना विभाग तर अर्धा बोहेमियात, अर्धा मोराव्हियात. तिन्ही प्रांत एकत्र बघायचे तर देशाच्या मोठ्या राजचिन्हात बघा: बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह, मोराव्हियाचा चौकटींचा गरुड, सिलेशियाचा काळा गरुड.
सिलेशिया मात्र या खेपेला सोडा. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीला 1742 मध्ये त्यातला बहुतेक मुलूख प्रशिया या जर्मन राज्याला द्यावा लागला, झेकियाकडे छोटा तुकडाच उरला.

कोळसा_आणि_कविता
सोडा काय? ओस्त्रावा शहरात ओस्त्राविचे नदीच्या एका काठाला मोराव्हिया, दुसऱ्या काठाला सिलेशिया. पूल ओलांडला की प्रांत बदलला! तिथल्या व्हित्कोव्हित्से भागातला बंद पडलेला लोखंडाचा कारखानाही आता आतून पाहता येतो. मला तर प्रागच्या गर्दीपेक्षा तोच आवडला.

द्राक्षवेल
गुडघे दुखणाऱ्या बाईंना झोतभट्ट्या कुठे दाखवताय! त्यापेक्षा ब्रनोहून ओलोमोउत्स शहर करा. चौकातला ख्रिस्ती पवित्र त्रैक्याचा (होली ट्रिनिटी) स्तंभ 2000 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथलं उग्र वासाचं त्वारूझ्की चीज मात्र उघड्यावर बसूनच खा, हॉटेलच्या खोलीत नेऊ नका.

निवांत_प्रवासी
ठरलं, ब्रनोत तीन रात्री. बाबा ओस्त्रावासाठी हटून बसले तर एक दिवस त्यांना एकट्याला पाठवतो.