व्हेनिसमध्ये दीड महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर: घर घेताना काय काय बघावं?

पार्लेपूर्व
10 ऑक्टोबर ते 23 नोव्हेंबर व्हेनिसला राहायचं ठरतंय. मी, सासूबाई (वय 71, गुडघ्यांचा त्रास) आणि मुलं, एक 9 वर्षांचा आणि एक 5 वर्षांची. नवरा शेवटच्या दोन आठवड्यांत येईल. सान मार्को चौकाजवळ तळमजल्याचा एक फ्लॅट बऱ्यापैकी स्वस्तात मिळतोय. सासूबाईंना जिने नकोत म्हणून घेऊ का? की तिथे पाणी शिरतं? स्वयंपाक घरीच करणार, दिवाळीही तिथेच. व्हिसाचंही सांगा.

खाडीकाठ
तळमजला नको, सान मार्कोजवळ तर अजिबातच नको. तो स्वस्त आहे तो त्याचमुळे.

अक्वा आल्ता, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी, मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत येतं. तुमचे दिवस नेमके त्यातले. आधी आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण पहिल्यांदा जाणारा तिथेच घाबरतो. पातळी मोजतात ती पुंता देल्ला सालूते या ठिकाणी, 1897 साली ठरलेल्या शून्यापासून. रस्त्यावर किती पाणी, हे तो आकडा सांगत नाही. सान मार्को हा शहरातला सर्वांत सखल भागांपैकी एक; तिथे 80 सेंटिमीटरच्या आसपास पाणी दिसायला लागतं. भरतीच्या अंदाजाच्या फलकावर 100 लिहिलं असेल तर 80 वजा करा, चौकात वीसेक सेंटिमीटर. शहराच्या इतर बहुतेक भागांत त्या वेळी दगड कोरडे असतात.

पाणी काठावरून उडी मारून येत नाही. फरशीतल्या गटाराच्या भोकांतून बुडबुडत वर येतं. आपल्या मुंबईत हिंदमाताला पाऊस थांबल्यावरही पाणी तुंबून राहतं. व्हेनिसला ओहोटी लागली की काही तासांत आपसूक उतरतं, आकाश निळंशार असलं तरी भरतं आणि उतरतं. सिरोक्को नावाचा आग्नेयेचा वारा लागला तर आड्रियाटिकचं पाणी वर ढकललं जातं, मग पातळी भरतीच्या तक्त्यापेक्षा वाढते.

ऑक्टोबर 2020 पासून मोसे, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे, चालू आहेत. खाडीच्या तीन तोंडांवर मिळून 78 झडपा. 110 किंवा जास्त पातळीचा अंदाज असला की त्या उचलतात. म्हणून 2019 च्या नोव्हेंबरातल्या 187 सेंटिमीटरसारखं दृश्य आता सहसा नाही. पण 80 ते 110 मधलं पाणी दरवाजे अडवत नाहीत, आणि तुमचा तळमजला नेमका त्याच पट्ट्यात सापडतो. घरात पाणी शिरलं नाही तरी दारातच भरलं की सासूबाई चार तास अडकल्या. शिवाय तळमजल्याच्या भिंतींत खार मुरलेला असतो. प्लास्टर पोपडून पडतं आणि ओल जात नाही.

मालकाला विचारा: "पियानो रियाल्झातो आहे का?" म्हणजे चार-सहा पायऱ्या वर उचललेला तळमजला. तो नसेल तर पहिला मजला घ्या. लिफ्ट जुन्या इमारतींत क्वचितच असते, तेव्हा पायऱ्या मोजून सांगायला लावा आणि जिन्याचा फोटो मागवा. कठडा दोन्ही बाजूंना आहे का, तेही बघा.

नकाशावाली
वरचं सगळं बरोबर, पण गुडघेदुखीच्या माणसाला घरातल्या जिन्यापेक्षा बाहेरचे पूल जास्त छळतात. शहरात चारशेहून जास्त पूल आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. म्हणून प्रश्न "भाग कोणता" असा विचारू नका; "घर ते वापोरेत्तोचा (प्रवासी बोटीचा) थांबा, मध्ये किती पूल" असा विचारा. उत्तर शून्य हवं.

माझी पसंती सांत एलेना. शहराच्या पूर्व टोकाला आहे, पर्यटक कमी, मुलांना खेळायला झाडांची मोठी बाग, रस्ते सपाट. 1 नंबरची बोट तिथे थांबते आणि न बदलता सान मार्को, रियाल्तो, रेल्वे स्टेशन करते. लागतो वेळ, पण बसून. ज्युदेक्काचा लांब धक्काही चालायला सपाट आहे. कान्नारेज्जो छान आहे, बाजारही जवळ, फक्त एक ध्यानात ठेवा: पाणी चढलं की तिथल्या कालव्यावरच्या पुलाखालून बोटी जाऊ शकत नाहीत आणि मार्ग बदलतात.

पत्ता "कास्तेल्लो" असं विभागाचं नाव आणि पुढे चार आकडी नंबर असा असतो. नंबर गल्लीचा नाही, आख्ख्या विभागाचा असतो, त्यामुळे शेजारच्या गल्लीत भलताच आकडा निघतो. गल्लीचं नाव आणि सर्वांत जवळचा थांबा लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

बोटीचं सुटं तिकीट 75 मिनिटांचं, साडेनऊ युरो. 6 वर्षांखाली फुकट, म्हणजे धाकटीचं काढायचं नाही. दीड महिना राहणाऱ्याने वेनेत्सिया उनिकाचं नेहमीच्या प्रवाशांचं कार्ड काढावं. सुरुवातीला रक्कम जाते, पण पुढे फेरी फार स्वस्त पडते.

चामड्याचे बूट नेऊ नका, खारं पाणी त्यांची वाट लावतं. रबरी बूट तिथेच घ्या. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं; त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार पडतो, बाहेरची कामं सकाळी उरका.

मिक्सरची_वाटी
स्वयंपाकाआधी विजेचं बघा. इटलीत घरगुती जोडणी बहुधा 3 किलोवॅटची. ओव्हन आणि पाण्याची किटली जोडीने लावली की मीटर पडतो, आणि मीटर कधी कधी खाली जिन्याशी असतो, म्हणजे अंधारात उतरायचं. एका वेळी एकच मोठं यंत्र, हा नियम घरात सगळ्यांना सांगा. व्होल्टेज आपलंच, 230, पण आपल्या मिक्सरची जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. अडॅप्टर इथूनच न्या. शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, स्टीलचा हवा.

गरम हवेचंही तसंच. व्हेनिसच्या पट्ट्यात हीटिंग 15 ऑक्टोबरपासूनच चालू करायची परवानगी, तीही दिवसाला 14 तास. पहिले पाच दिवस रेडिएटर थंड राहणार. मुंबईच्या माणसाला ते बोचतं. घरात हीटिंग "आउतोनोमो" आहे का विचारा, म्हणजे पुढे बटण तुमच्या हातात. "चेन्त्रालिझ्झातो" असेल तर इमारत ठरवेल तेव्हा.

डाळ, पीठ, मसाले खुशाल न्या. बासमती आणि भाज्या संपल्या की मेस्त्रेला स्टेशनाजवळ बांगलादेशी दुकानं आहेत, व्हेनिसहून ट्रेनने दहाएक मिनिटं.

शिक्का_आणि_सही
व्हिसा: तीन महिन्यांच्या आतला शेंगेन, टाइप सी. तुमचे दिवस 45 होतात, जाण्या-येण्याचे दोन्ही धरून. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीचा हंगाम आहे, जुलै-ऑगस्टमध्येच भरा. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाला 45, धाकटीला शून्य. सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान 30,000 युरोचा. वडील बरोबर निघत नाहीत, म्हणून मुलांसाठी त्यांचं नोटरी केलेलं ना-हरकत पत्र लागेल, शाळेचं रजेचं पत्रही.

घराच्या जाहिरातीत सीआयएन, म्हणजे पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घराचा सरकारी नोंदणी क्रमांक, आहे का बघा. 2025 पासून तो सक्तीचा आहे. नसेल तर पैसे पाठवू नका. आणि 30 दिवसांपेक्षा लांब भाडेकरार तिथे कर खात्यात नोंदवावा लागतो, म्हणून काही मालक दीड महिना म्हटलं की टाळतात. तसं झालं तर दोन घरं घ्या, पण दोन्हींची कागदपत्रं अर्जाला जोडा, मध्ये एकही रात्र रिकामी नको.

पार्लेपूर्व
तळमजला रद्द. सांत एलेना बघते. दिवाळीचं सामान किती न्यावं?

मिक्सरची_वाटी
तूप, खवा, पेढे, पनीर बाहेरच्या देशातून युरोपात न्यायला बंदी आहे, बॅगेत सापडलं तर काढून घेतात. म्हणून तुपातले लाडू नकोत. तेलातली चकली, पोह्यांचा चिवडा न्या. ताजा कढीपत्ता आणि लिंबंही नाहीत, पण नारळ चालतो, तो सवलतीच्या मोजक्या फळांत आहे. तूप तिथेच कढवा: दुकानात "बुर्रो" मागा, बिनमिठाचंच असतं. 250 ग्रॅमच्या पाकिटातून साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, बेरी तांबूस होईपर्यंत. खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म वाजतो.