शरद केळकर: पडद्यावर दिसला चार भाषांत, गाजला न दिसता. ही कारकीर्द मोजायची कशी?

लष्करकर
परवा आमच्या गल्लीच्या गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटता वाटता सिनेमाचा विषय निघाला आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा सहज बोलून गेला, "शरद केळकर ना? तो बाहुबलीचा डबिंगवाला." तो ‘वाला’ मला खुपला. रद्दीवाला, भंगारवाला, डबिंगवाला. रात्री झोप येईना म्हणून आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींसाठी हा चर्चेचा धागा.

केळकर आपल्या ग्वाल्हेरचा, जन्म १९७६चा. २००५च्या ‘सात फेरे’ मालिकेने तो घराघरात पोचला. मग हिंदीत ‘रामलीला’ (२०१३), मराठीत ‘लई भारी’चा खलनायक (२०१४), तेलुगूत ‘सरदार गब्बर सिंग’मध्ये पवन कल्याणच्या समोर (२०१६), तमिळमध्ये ‘अयलान’मध्ये शिवकार्तिकेयनच्या समोर (२०२४). झाल्या चार भाषा. आणि मधल्या काळात २०१५ आणि २०१७चे दोन बाहुबली. हिंदीत नायक प्रभासच्या तोंडून जो बोलतो तो हाच. दुसऱ्या भागाच्या नुसत्या हिंदी आवृत्तीने देशात पाचशे कोटींच्या वर गल्ला जमवला.

माझं म्हणणं एवढंच की आपण यादीच उलटी लावतो. तेलुगू-तमिळमधल्या दोन खलनायकांमुळे याला बहुभाषिक नट म्हणतो आणि बाहुबली ‘डबिंग’ म्हणून बाजूला टाकतो. त्याची दोन भाषांमधली खरी मोठी भूमिका ती, जिच्यात तो दिसलाच नाही. तिला अभिनय म्हणा, आणि पहिल्या ओळीत लिहा.

दाणाओळी
लष्करकर, भावना पोचल्या, पण भूमिका प्रभासची होती हो. पाच वर्षं शरीर त्याने घडवलं, शिवलिंग खांद्यावर त्याने घेतलं, धबधबा तो चढला. केळकर एसी खोलीत माइकसमोर उभा होता. आवाज उत्तम, वादच नाही. पण रथाला रंग झकास दिला म्हणून रंगारी सारथी होत नाही.

दक्षिणेत जाऊन काही कमावलेली मराठी माणसं बघायची तर सयाजी शिंदे बघा. साताऱ्याकडचा माणूस तमिळमध्ये थेट सुब्रमण्य भारती झाला. ‘भारती’, २००० साल, उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. महाकवीची भूमिका तमिळ लोकांनी परक्या माणसाला करू दिली, ही केवढी गोष्ट! नाहीतर अतुल कुलकर्णी. ‘हे राम’साठी राष्ट्रीय पुरस्कार, पाठोपाठ ‘चांदनी बार’साठी दुसरा, नंतर कन्नडमध्ये ‘आ दिनगळु’, मराठीत ‘नटरंग’. ही कारकीर्द. केळकरचे तेलुगू-तमिळमधले रोल म्हणजे उत्तरेकडून मागवलेला उंचापुरा व्हिलन, दाढी-सूट-गाडीसकट. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी सिनेमा तोच राहिला असता.

कंपूचे काका
आवाजाला कमी लेखू नका मंडळी. ग्वाल्हेर आहे हे. ख्यालगायकीतले हद्दू खाँ-हस्सू खाँ, पुढे कृष्णराव पंडित. इथल्या पाण्यातच आवाज आहे.

दाणाओळी
काका, नमस्कार. पण आवाजाचं काही निघालं की लगेच ख्यालगायकीपर्यंत जायचं, ही आपली जुनी खोड. याच पाण्यावर आमचे शेजारी पहाटे पाचला भजनं म्हणतात, कधी या ऐकायला.

सिकंदराबाद रिटर्न
अकरा वर्षं हैदराबादेत नोकरी केली, म्हणून थोडं बोलतो. दाणाओळी भाऊ, तुम्ही ज्या ‘भारती’चं उदाहरण दिलंत त्यात सयाजी शिंद्यांचा तमिळ आवाज दुसऱ्याचा होता. चेहरा, चाल, डोळे शिंद्यांचे, बोलणारा वेगळा. तुमच्या हिशेबाने तिथे चेहऱ्याला शंभर गुण. मग इथे आवाजाला शून्य का? न्याय एकच लावा.

दुसरं, ते एसी खोलीचं. तेलुगूत बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर येतो. त्यांचं ‘रामुडु’ आपल्याकडे ‘राम’ होतं. तिकडे शब्द संपताना तोंड उघडं, इकडे ‘म’ला ओठ मिटलेले. आता कॅमेरा प्रभासच्या तोंडावर आहे आणि वाक्याच्या शेवटी त्याचे ओठ उघडे आहेत. तिथे ‘काम’, ‘नाम’, ‘कब’, ‘सब’ ठेवलं की पाहणाऱ्याला लगेच खटकतं. म्हणून लिहिणारा शब्द फिरवतो, बोलणारा श्वास फिरवतो. वर वाक्याची लांबी तीच ठेवायची, कारण तिकडे ओठ थांबले की इकडेही थांबायलाच हवं. एवढं सांभाळून राग, दरारा, आईसमोरची माया हे सगळं उरलेल्या जागेत बसवायचं. स्वतःच्या चेहऱ्याने अभिनय करताना नट थांबायचं कुठे ते स्वतः ठरवतो. इथे ते आधीच दुसऱ्याने ठरवून ठेवलेलं असतं.

तुमचा रंगारी रथ उभा असताना रंग देतो. हा पळत्या रथाला देतोय.

मुरारची सून
सिकंदराबाद, एकदम पटलं. मी माहेरची पुण्याची, लग्न होऊन इथे आले, तेव्हाची गंमत सांगते. सासरी सगळे घरात मराठी बोलतात, पण दाराबाहेर पाऊल पडलं की त्याच दमात हिंदी. आणि आमची पुण्याची हिंदी कशी, तर ‘मेरे को पोहे होना’ छाप. इथल्या मराठी माणसाच्या हिंदीत आडनाव ऐकेपर्यंत मराठी सापडत नाही. सासूबाई भाजीवाल्याशी भांडतात ती हिंदी आणि मला रागावतात ती मराठी, दोन्ही सारख्याच धारदार. मला वाटतं केळकरच्या आवाजामागे हे आहे. मुंबईच्या मराठी नटाची हिंदी बरेचदा ‘च’ आणि ‘ज’मध्ये पकडली जाते. याची नाही.

उलट मराठी बोलताना मात्र त्याचं हिंदी जाणवतं, असं माझी पुण्याची बहीण म्हणते. मी तिला म्हटलं, मग इकडे ये, आम्ही सगळे तसेच बोलून राहिलो आहोत.

जीवाजीगंज ४०
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही. बाहुबलीने त्याचं भलं केलं की वाटोळं?

आता तो कुठेही तोंड उघडतो तेव्हा लोक आधी आवाज ऐकतात. उत्तम गायकाने एकच गाणं इतकं गाजवावं की मैफलीत दुसरं कोणी ऐकूनच घेऊ नये, तसं झालंय. २०२०चा ‘लक्ष्मी’ आठवा. सिनेमा कसा होता यावर न बोललेलं बरं. मूळ तमिळ ‘कांचना’त शरत्कुमारने केलेली तृतीयपंथी स्त्रीची भूमिका हिंदीत केळकरने केली. वाट्याला आलेला वेळ थोडा, पण त्या अख्ख्या गोंधळात माणसासारखा माणूस तेवढा एकच दिसला. साडी, चालणं, मुलीला शिकवायची धडपड, कुठेही टिंगल नाही. असा भारदस्त आवाजाचा, धिप्पाड नट आणि त्याने ते इतकं हळुवार केलं. पुढे तसं काही त्याला मिळालं? नाही. पुन्हा खलनायक, पुन्हा पोलीस, पुन्हा ‘भाई, वो आवाज निकाल के दिखाओ’.

आणि लष्करकर, आवाज एवढा मोठा तर २०२३च्या ‘आदिपुरुष’लाही प्रभासच्या तोंडी हाच आवाज होता. वाचवला का सिनेमा?

लष्करकर
आदिपुरुष वाचवायला साक्षात हनुमान आले असते तरी हात जोडून परत गेले असते. ते सोडा.

‘लक्ष्मी’बद्दल जे लिहिलंत ते मान्य. पण मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. त्याचा खरा अभिनय लोकांनी मोजलाच नाही, हेच तर मी म्हणतोय.

आणि एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. हा माणूस लहानपणापासून बोलताना अडखळायचा. त्याने स्वतः अनेक मुलाखतींत हे सांगितलंय. वाक्य पुरं होत नसे, त्यापायी कामं हातची गेली. ज्याला स्वतःचं वाक्य पुरं करता येत नव्हतं त्याने दुसऱ्याच्या ओठांवर वाक्यं बसवावीत! यावर सिकंदराबादचा श्वासाचा मुद्दा पुन्हा वाचा.

दाणाओळी
अडखळण्यावर मात केली, त्याबद्दल मनापासून आदर. पण तो माणूस म्हणून. त्याने नट मोठा होत नाही. अशाने सगळीकडे चरित्र आणून गुण वाढवून घ्याल.

सिकंदराबाद भाऊंचा भारतीचा टोला मात्र बसला, नाकारत नाही. तरी फरक आहे. शिंद्यांनी तो कवी देहाने उभा केला, शूटिंगला त्या वेषात राहिले, समोरच्या नटाशी नजर दिली-घेतली. डबिंग करणाऱ्यासमोर नट नसतो, निर्णय झालेले असतात, तो फक्त भरतो. तुम्ही म्हणता हे जास्त अवघड. असेल. अवघड आणि मोठं या दोन वेगळ्या गोष्टी. तांदळाच्या दाण्यावर गीता लिहिणंही अवघड आहे.

सिकंदराबाद रिटर्न
तांदळाचा दाणा आवडला. पण मग दक्षिणेकडे बघा, तिथे या कामाला मान आहे. आंध्रच्या नंदी पुरस्कारांत डबिंग कलाकारांसाठी वेगळं पारितोषिक असायचं, केरळचे राज्य पुरस्कारही देतात. त्यांना ठाऊक आहे की बाहेरून आलेल्या नट-नट्यांवर त्यांचा सिनेमा चालतो आणि त्यांची भाषा कोणीतरी वाहून न्यावी लागते. आपल्याकडे मात्र नाव शेवटच्या पाट्यांत, लोक खुर्चीखालची चप्पल शोधत असताना.

आणि गंमत बघा, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनचं हिंदी कोण बोलतो? श्रेयस तळपदे. प्रभासचं शरद केळकर. तेलुगूतल्या दोन सगळ्यात मोठ्या नायकांना हिंदी मुलुखात मराठी माणसांनी बोलतं केलं. ही फौज अटकेपार गेली आणि इथे कोणाला पत्ताच नाही.

मुरारची सून
‘तान्हाजी’ कोणीच कसा काढला नाही? तिथे चेहरा आणि आवाज दोन्ही त्याचेच, महाराजांची भूमिका, वेळ कमी. आम्ही इथे थिएटरात पाहिला तेव्हा महाराज पडद्यावर आल्यावर मागच्या रांगेतून घोषणा झाली आणि घोषणा देणारी मुलं मराठी नव्हती, तोमर-भदौरिया असावीत. ट्रेलरच्या कार्यक्रमात कोणी नुसतं ‘शिवाजी’ म्हटलं तर याने तिथल्या तिथे ‘छत्रपती शिवाजी महाराज’ म्हणून सुधारलं, तो व्हिडिओ आमच्या सासऱ्यांनी मला चार वेळा पाठवलाय.

जीवाजीगंज ४०
वहिनी, तो मलाही आलाय, सहा वेळा. पण तोही किस्साच झाला, भूमिका नव्हे. शिवाय तिथे लोकांनी टाळी महाराजांना दिली. त्या वेषात कोणीही बरा नट उभा राहिला तरी आपले हात आपोआप जोडले जातात. म्हणून मी ‘लक्ष्मी’ धरून बसलोय. तिथे प्रेक्षक हसायच्या तयारीनेच बसलेला होता.

कंपूचे काका
मी बाहुबली पाहिलेला नाही. आवाज ऐकायला कुठला भाग आधी लावू?

लष्करकर
काका, पहिला. आणि हिंदीतच, नाहीतर नातू तेलुगू लावून देईल.

बाड्याजवळ
नमस्कार, तो ‘डबिंगवाला’ म्हणणारा मुलगा मीच. आईने हा धागा दाखवला.

लष्करकर काका, ‘वाला’ कधीपासून शिवी झाली? माझे पणजोबा पेटी वाजवायचे, त्यांना अख्ख्या लष्कर भागात ‘पेटीवाले’ म्हणायचे. आडनाव कोणाला माहीत नव्हतं. घरात अजून ते अभिमानाने सांगतात.

आणि मी म्हटलं ते कौतुकानेच. दुसरा बाहुबली आला तेव्हा मी शाळेत होतो, हिंदीतच पाहिला, किती वेळा ते मोजलं नाही. मागच्या वर्षी हॉस्टेलवर विजयवाड्याच्या रूममेटने मूळ तेलुगू लावला. प्रभासने तोंड उघडलं आणि मी त्याला म्हटलं, यार, इसका आवाज़ किसी और ने दिया है क्या? तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दाणाओळी काका, तुमचा रंगारी-सारथी मी त्याला हिंदीत करून सांगितला. त्याचं मत तुमच्या बाजूने आहे. विसर्जनाला तो येतोय इकडे, भेटा.