मखमलाबादच्या मळ्यांत घरं होणार, तर डोंगर कुठून दिसणार?

त्रिरश्मी:
घरं लागणार, यावर वाद नाही. पण नाशिकच्या कडेला आनंदवली, मखमलाबाद, म्हसरूळ, एकेक मळा एनए, म्हणजे बिगरशेती, होत चाललाय. नऊ शिखरांचं म्हणून नाशिक, असं आपण पोरांना सांगतो. चांभार लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याला बारा मजले चढले तर ती शिखरं दाखवायची कुठून? माझं स्पष्ट मत आहे, ग्रीन झोन, म्हणजे शेतीसाठी राखलेला पट्टा, उठवूच नका. जुन्या नाशकातले मोडकळीला आलेले वाडे दर पावसाळ्यात ढासळतात, आधी तिथं बांधा.

मळेकरी:
दादा, तुमचा फ्लॅट आहे तिथंही कुणाचा तरी मळाच होता. चार भावांत वाटणी होऊन माझ्या वाट्याला तीस गुंठे आले. छाटणीनंतर अवकाळी आला, डावणी रोग पडला की द्राक्षाचं वर्ष गेलं, औषधांची उधारी राहते. तुमच्या खिडकीतून हिरवं दिसावं म्हणून मी बाग धरून बसायची? स्मार्ट सिटीत मखमलाबाद-हनुमानवाडीला नगररचना योजना आली तेव्हा मीही विरोधात होतो. घरं नकोत म्हणून नाही. किती जमीन जाईल आणि किती परत येईल, याचा भरवसा नव्हता.

काठावरची:
दोघंही पाण्याबद्दल बोलतच नाही आहात. 2008 चा सप्टेंबर आठवा, 2016 चा ऑगस्ट आठवा. गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून आपण पूर मोजतो, पण नासर्डी आणि वाघाडी या गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नद्यांचे काठ किती आवळले ते कोण मोजतं? डोंगर काळ्या कातळाचा. पाणी मुरतं ते पायथ्याच्या मातीत, त्यावरच मळ्यातल्या विहिरी भरतात. तिथं सिमेंट ओतलं की विहीर आटते आणि रस्त्याची नदी होते.

म्हणून मी नगररचना योजनेच्या बाजूनं आहे. राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्यात ती सोय आहे. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते-बागा वगळून उरलेले भूखंड मूळ मालकांना द्यायचे. मग उतार आणि नाल्याचा काठ मोकळा ठेवला तरी तोटा एकट्या मळेकरीभाऊंवर पडत नाही. घरं सपाटीवर, चार मजल्यांची, जवळजवळ. गच्चीचं पाणी जुन्या विहिरींत सोडायचं, विहिरी बुजवायच्या नाहीत.

त्रिरश्मी:
ताई, नाल्याचं पटलं, तिथं मी विचारच केला नव्हता. पण चार मजले राहतील कसे? राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, आणून एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ती मर्यादा, वाढवता येतो. आज चार म्हणाल, पाच वर्षांनी तिथंच बारा.

मळेकरी:
मग उंचीची अट योजनेतच घाला, आमच्या भूखंडांनाही लावा. चार मजल्यांना मी सही करतो. पण परत मिळणारं क्षेत्र मोजणीआधी गट नंबरवार लेखी हातात पाहिजे. ते नसेल तर मोजणीवाल्यांना बांधावर पाय ठेवू देणार नाही.