आईच्या खात्यातून न सांगता पैसे कापलेत, परत कसे मागायचे? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर: मंडळी, आईचं सेव्हिंग खातं एका खाजगी बँकेत आहे. पासबुक भरून आणलं तर कपातीच कपाती: 295 दोनदा, 354, 27.14, आणि मे महिन्यात 20. शाखेत विचारलं की "सिस्टीमनं कापलंय, आमच्या हातात नाही" एवढंच उत्तर. यातलं काय परत मिळू शकतं? आणि मागायचं कुणाकडं?

चाटीगल्ली_७: मालक, आधी आकड्यांची फोड करा. बहुतेक शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून रकमेला 1.18 नं भागा.

295 म्हणजे 250 अधिक 45. हा बहुधा हप्ता परत गेल्याचा दंड आहे. नोंदीत एनएसीएच किंवा ईसीएस रिटर्न (खात्यातून आपोआप हप्ता ओढायच्या पद्धती) असं काही दिसेल. खात्यात पैसे नसताना फायनान्स कंपनीनं त्याच महिन्यात दुसऱ्यांदा हप्ता ओढला की दुसऱ्यांदा दंड पडतो. कंपनी आपला बाउन्स चार्ज वेगळा लावते, तो कर्जाच्या स्टेटमेंटवर बघा. कर्ज फिटलेलं असूनही ओढत असतील तर स्टेटमेंटवरचा यूएमआरएन, म्हणजे मँडेटचा नंबर देऊन बँकेत मँडेट (हप्ता ओढायची आपण दिलेली परवानगी) रद्द करा आणि 295 कंपनीकडं मागा. तिथं बँकेशी भांडून उपयोग नाही.

27.14 म्हणजे 23 अधिक जीएसटी, एटीएमच्या जादा व्यवहाराचं. 1 मे 2025 पासून कमाल 23 रुपये आहेत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर सोलापुरात महिन्याला 5 व्यवहार फुकट, मुंबई-हैदराबादसारख्या महानगरांत 3. नुसती शिल्लक बघितली तरी तो व्यवहार मोजला जातो.

20 रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे (अपघात विमा), दरवर्षी मेअखेर जातात. नको असेल तर शाखेत लेखी द्या.

354 मात्र नीट बघा, तो किमान शिल्लकीचा दंड वाटतोय.

होटगीरोड_कट्टा: 354 वरच जोर लावा. व्यापारी बँकांना 1 एप्रिल 2015 पासून नियम आहे: शिल्लक कमी पडली की आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं आणि भरून काढायला एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड. तोही तुटीच्या ठरावीक टक्क्यांत, सरसकट 300 नाही. शिवाय नुसत्या या दंडानं खातं उणे करता येत नाही.

हिशेब असा. लागतात 3000, सरासरी भरली 1800, तूट 1200. दर 6 टक्के असेल तर 72 रुपये अधिक जीएसटी 12.96. सरासरी म्हणजे रोज रात्रीच्या शिलकीची बेरीज भागिले दिवस. महिनाभर 500 ठेवून शेवटचे तीन दिवस 5000 ठेवले तरी ती 950 च येते. लोक इथंच फसतात.

जुळे_सोलापूरकर: म्हणजे शाखेत जाऊन हा नियम सांगायचा?

होटगीरोड_कट्टा: तोंडी काही सांगूच नका. अर्जात तीनच प्रश्न लिहा: त्या महिन्याची सरासरी शिल्लक किती, दंड कोणत्या दरानं लावला, आणि कमी शिलकीची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मोबाइलवर पाठवली. तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच शाखा अडखळतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, तक्रार क्रमांक येतो. खात्याला जुनाच मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला. बंद नंबरवर सूचना गेली असेल तर आपलीच बाजू लंगडी.

नवीपेठ_ग्राहक: 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडं (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. फी नाही. अडलं तर 14448 वर विचारा. आधी बँकेकडं तक्रार केल्याचा पुरावा जोडला नाही तर तिथूनच परत येते. आणि "दंड फार जास्त आहे" असं चुकूनही लिहू नका. दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, असं म्हणून फाईल बंद होते. "आगाऊ सूचना दिली नाही, तुटीच्या प्रमाणात आकारणी नाही" असं लिहा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तेच प्रकरण एकाच वेळी दोन्हीकडं चालत नाही. 354 साठी लोकपालच बरा.

बाळीवेस: एक दुरुस्ती. 354 बघून थेट किमान शिल्लक म्हणू नका. डेबिट कार्डाची वार्षिक फी 300 असली तरी हाच आकडा येतो. नोंदीतले शब्द वाचा, मगच अर्ज. कार्डाची फी निघाली तर कमी शिलकीच्या सूचनेचा मुद्दा लागू नाही. मग दर केव्हा बदलला आणि महिनाभर आधी कळवलं का, हे विचारा. पुढं कार्ड नकोच असेल तर परत करा.

चाटीगल्ली_७: बरोबर. आणि आईला व्यवहार कमीच असतील तर हेच खातं बेसिक बचत खात्यात बदलून मागा. किमान शिलकीची अट नाही, महिन्याला एटीएम धरून 4 वेळा पैसे काढणं फुकट. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

अक्कलकोट_नाका: पतसंस्थेत खातं असणाऱ्यांनी यातलं काही धरू नका. तिथं रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडं जाते.

जुळे_सोलापूरकर: स्टेटमेंट काढलं. 354 पुढं मिन बॅल (किमान शिल्लक) असंच आहे, आणि आईच्या मोबाइलवर तसला मेसेज सापडत नाही. दोन प्रतीत अर्ज लिहायला घेतलाय.